गल्लीचा सर्च रिपोर्ट

घर घेताना माणूस काय बघतो? काउंटरमागच्या वीस वर्षांच्या अनुभवावरून सांगतो, तो टाइल्स बघतो. ओट्याचा ग्रॅनाइट बोटाने वाजवून बघतो. संडासात शिरून फ्लश ओढून बघतो. (सँपल फ्लॅटच्या फ्लशला पाणी नसतं, पण हा ओढतोच.) बायको कपाट कुठे बसेल ते वितीने मोजते, सासरे होकायंत्र काढून आग्नेय दिशा शोधतात, आणि मग सगळं कुटुंब खाली येऊन बिल्डरच्या ऑफिसात फुकटची कॉफी पितं. एकूण दीड तास. या दीड तासाच्या जोरावर पुढची वीस वर्षं हप्ते भरायचे असतात. बाहेरच्या गल्लीकडे मात्र कुणी ढुंकून बघत नाही. येताना गाडीच्या काचा वर असतात आणि जाताना ब्रोशर वाचायचं असतं.

अहो, टाइल्स बदलता येतात. ओटा फोडून नवा घालता येतो. आग्नेय दिशासुद्धा चार पैसे टाकले की वास्तुशास्त्री सरकवून देतो. पण इमारतीमागचा नाला, कोपऱ्यावरचं मंगल कार्यालय आणि टँकरने येणारं पाणी यांतलं काहीही गवंडी लावून बदलता येत नाही. म्हणजे जे कधीही बदलता येतं ते आपण भिंग लावून तपासणार, आणि जे जन्मात बदलणार नाही ते बिल्डरच्या शब्दावर घेणार!

ब्रोशरवरच्या शब्दांचा तर मी कट्टर शत्रू आहे. 'स्टेशनपासून अवघी दहा मिनिटं.' कुणाची? पहाटे चार वाजता रिकाम्या रस्त्यावरून जाणाऱ्या रुग्णवाहिकेची की सकाळी पावणेनऊला रिक्षा शोधणाऱ्या माझी? पूर्वी बिल्डर लोक 'सुपर बिल्टअप' नावाच्या गूढ क्षेत्रफळात जिनाही विकत आणि लिफ्टही विकत. रेरा कायदा २०१६ साली आला, १ मे २०१७ पासून पुरता लागू झाला आणि कार्पेट एरियाची व्याख्या कायद्याने ठरली. उत्तम झालं. पण फूट कायद्याने मोजला जाऊ लागला तरी मिनिट अजून बिल्डरच मोजतो.

आता घरचा आहेर. पन्नास लाखांचं कर्ज साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी घेतलंत, तर हप्ता बसतो ४३,३९१ रुपये, आणि एकूण परतफेड एक कोटी चार लाखांच्या वर जाते. हे कर्ज देताना आमच्या बँका काय काय बघतात! पॅनेलवरचा वकील तीस वर्षांचा सर्च घेतो. सात-बारा, फेरफार, मूळ मालकाच्या आत्याने हक्कसोड पत्र केलं होतं की नाही, सगळं खणून काढतो. व्हॅल्युअर येऊन भिंती मोजून जातो. पण नळाला पाणी किती वाजता येतं, हा रकाना आमच्या छापील अर्जात नाही. बँकेच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. तिला त्या घरात राहायचं नसतं. वेळ आली तर विकायचं असतं. राहायचं असतं तुम्हाला. तेव्हा जमिनीचा सर्च वकिलाने घेतला, तरी गल्लीचा सर्च तुम्हीच घ्यायला हवा.

तो घेणं काही अवघड नाही. बिल्डरला काही विचारू नका, इस्त्रीवाल्याला विचारा. इस्त्रीवाल्याइतकं वस्तीचं ज्ञान नगरसेवकालाही नसतं. दिवे कधी जातात, कुठल्या इमारतीत दिवसाला किती टँकर लागतात, भाडेकरू सहा महिन्यांत का सोडून जातात, हे तो शर्टाची कॉलर दाबता दाबता सांगतो. रविवारी दुपारी चारला जाऊ नका, त्या वेळी कुठलीही वस्ती पेन्शनरसारखी शांत असते. लग्नसराईत रात्री दहाला जा. सरकारी नियमाप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा लाऊडस्पीकरला मनाई आहे. तो नियम त्या गल्लीत कितपत पोचला आहे ते कानांनी ऐकून या.

आणि भर पावसात जा. इथे मात्र मला विनोद सुचत नाही. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्यात आंबिल ओढा कसा आला, ते ज्यांनी पाहिलं ते विसरणार नाहीत. सोसायट्यांच्या भिंती कोसळल्या, मोटारी काड्यापेट्यांसारख्या वाहून गेल्या आणि पुणे परिसरात वीसहून अधिक माणसं दगावली. अठराव्या शतकात नानासाहेब पेशव्यांनी हाच ओढा वळवून नेला होता. म्हणजे पेशव्यांना ओढा आहे एवढं तरी ठाऊक होतं. आपण त्याच्या काठी घर घेतो आणि 'मागे थोडी हिरवळ आहे' म्हणून पाहुण्यांना सांगतो. नदीकाठी दोन पूररेषा आखलेल्या असतात. निळी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतल्या पुराची. होकायंत्र घेऊन फिरणाऱ्या सासऱ्यांनी एकदा हा नकाशा मागावा. देवघर ईशान्येला असून भागत नाही, ते निळ्या रेषेच्या बाहेरही असावं लागतं.

'समोर मोकळं मैदान आहे, वारा कायमचा!' हे दुसरं पालुपद. मोकळ्या मैदानासारखी बेभरवशाची गोष्ट जगात नाही. महापालिकेत जाऊन विकास आराखडा बघा. त्या मैदानावर मंडईचं किंवा चोवीस मीटर रस्त्याचं आरक्षण असेल. बागेचं असेल तरी पेढे वाटू नका. १९६६ च्या नगररचना कायद्यात अशी सोय आहे की, दहा वर्षांत जागा ताब्यात घेतली गेली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो, आणि त्यानंतर दोन वर्षांत काही हालचाल झाली नाही तर आरक्षण उडतं. मग तुमच्या वाऱ्यात बावीस मजले उभे राहतात, आणि त्यांच्या ब्रोशरवर 'समोर मोकळा वारा' असं छापलेलं असतं. तो मोकळा वारा म्हणजे तुमची गच्ची.

'वस्ती बघा' म्हटलं की आमचे काही लोक जोमाने कामाला लागतात, पण भलत्याच. ते दारावरच्या पाट्या वाचतात. कोण कुठले, काय खातात, 'आपल्यातले' किती. एका गृहस्थांनी तर जिने चढून अठ्ठावीस आडनावं वहीत उतरवून आणली. गटार कुठे वाहतं, ते त्यांना विचारलं तर ठाऊक नव्हतं. साहेब, आडनावाने आजवर एकही गटार तुंबल्याचं ऐकिवात नाही, आणि रात्री अडीचला छातीत कळ आली तर गाडी काढणारा शेजारी कुठल्या पाटीमागे असेल, ते पाटी वाचून कळत नाही.

यावर आमचे मेहुणे म्हणतात, ''भाऊजी, इतकं बघत बसलं तर घर होणार कधी? तोवर भाव वाढतील त्याचं काय?'' मेहुण्यांना घर नको असतं, इन्व्हेस्टमेंट हवी असते. त्यांनी खुशाल घ्यावी. पण ज्याला आई-वडिलांना घेऊन राहायचंय, मुलांना शाळेत पोचवायचंय, त्याने आधी त्या वस्तीत अकरा महिने भाड्याने राहावं. लीव्ह अँड लायसन्सचा करार बहुधा अकरा महिन्यांचाच असतो. त्यात एक पावसाळा, एक गणपती, एक लग्नसराई आणि पाणीटंचाईचा एक मे महिना बसतो. चांगल्या वस्तीत परवडत नसेल तर खोली लहान घ्या. खोलीतली अडचण आपल्या हातातली असते. कॉट फोल्डिंगची घेता येते, रस्ता फोल्डिंगचा मिळत नाही.

हे सगळं मी कर्ज मागायला येणाऱ्यांना काउंटरवरून तोंडी सांगत असे. गेल्या मे महिन्यात एक जोडपं फॉर्म भरता भरता थांबलं. बाई म्हणाल्या, ''अहो, टँकरचं आपण विचारलंच नाही!'' आणि दोघं फॉर्म तसाच ठेवून उठून गेली. संध्याकाळी मॅनेजरसाहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. ''तुम्ही बँकेत आहात की पाणीपुरवठा खात्यात?'' दुसऱ्या दिवसापासून माझी बदली पासबुकं छापायच्या मशीनवर झाली. तिथे बोलायला फारसा वाव नाही. तरी एखाद्याच्या पासबुकात गृहकर्जाचा पहिला हप्ता दिसला, की मी हळूच विचारतो, ''पाणी किती वाजता येतं हो तुमच्याकडे?''