काट्याला शर्यतीचा बैल नको, मोटेचा हवा



गेल्या हंगामात एका रात्री माझी गाडी काट्याच्या रांगेत होती. पहाटे दोनच्या सुमारास काट्यावरचा कॉम्प्युटर बंद पडला. चालू केला की दहा मिनिटं चालायचा, पुन्हा ठप्प. दिवस उजाडेपर्यंत रांग पार रस्त्याला लागली. बैल ताटकळलेले, ट्रॅक्टरवाले पेंगलेले आणि तोडलेला ऊस गाडीतच वाळत चाललेला. वाळला तो ऊस कुणाचा? आपलाच. वजन घटलं ते आपलं, आणि उतारा घटला तो सगळ्यांचाच.

मागाहून कळलं ते असं की, "बाजारात सगळ्यात वेगवान" म्हणून मोठ्या हौसेने घेतलेला प्रोसेसरच गेला होता. आता नवीन मशीन घ्यायचं घाटत आहे, म्हणून हे चार शब्द.

प्रोसेसर म्हणजे कॉम्प्युटरचा मेंदू. पण काट्यावर त्याला काम ते केवढं? काट्याचं वजन वाचायचं, सभासदाच्या नावावर टाकायचं, पावती छापायची. एवढ्याला साधा प्रोसेसरही पुरून उरतो. कठीण आहे ते निराळंच. मोळी पडल्यापासून पट्टा पडेपर्यंत हंगाम १५० दिवस चालला, तर ३,६०० तास त्याला न थांबता उभं राहायचं असतं. इथे वेगाचा नाही, दमाचा प्रश्न आहे.

वेग वाढवायचा तर प्रोसेसरला वीज जास्त द्यावी लागते, व्होल्टेज चढवावं लागतं. मग उष्णता वाढते. जादा दाबावर चालवलेल्या मोटारीचं काय होतं ते आपल्याला कुणी शिकवायला नको. इंटेल कंपनीच्या १३व्या आणि १४व्या पिढीच्या वेगवान प्रोसेसरांचं हेच झालं. मशीनं मधेच बंद पडू लागली. प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होते, असं २०२४ साली कंपनीनेच मान्य केलं, सुधारणा दिली आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. पण जे आधीच खराब झाले ते सुधारणेने बरे होत नाहीत, बदलावेच लागतात. एएमडी कंपनीचेही काही वेगवान प्रोसेसर २०२३ साली जादा व्होल्टेजपायी जळाले. तेव्हा दोष एका कंपनीचा नाही, ताणून पळवण्याचा आहे.

दुसरी गोष्ट स्मरणशक्तीची. कॉम्प्युटरच्या मेमरीत प्रत्येक आकडा शून्य आणि एकच्या रूपात असतो. क्वचित एखाद्या एकाचा आपोआप शून्य होतो. समजा गाडीचं वजन १८,२४० किलो आहे. त्यातलं नेमकं एक घर पुसलं गेलं तर मशीन १७,२१६ दाखवील. म्हणजे एक टनावर ऊस गेला, आणि कुणी चोरला म्हणाल तर कुणीच नाही! असं रोज घडत नाही, पण घडलं तर आपल्याला पत्ताही लागणार नाही. यावर ईसीसी नावाची मेमरी असते. ती एका घराची चूक स्वतः दुरुस्त करते आणि दोन घरांची चूक झाली तर निदान ओरडून सांगते. मात्र प्रोसेसर आणि मदरबोर्ड दोन्ही तिला चालणारे पाहिजेत. इंटेलचे झिऑन ई आणि एएमडीचे ईपिक ४००४ हे लहान सर्व्हरचे प्रोसेसर यासाठीच केलेले आहेत. त्यांत ६५ वॅट किंवा त्याखालचेही मिळतात. वरचे शर्यतीचे प्रोसेसर जोरात असताना अडीचशे वॅटपर्यंत ओढतात.

कमी वॅटचा आणखी एक फायदा म्हणजे उष्णता कमी. आपल्याकडे बगॅसचा भुसा उडून पंख्यात बसतो. प्रोसेसर शंभर अंशांच्या आसपास तापला की आधी हळू होतो, आणि त्याहूनही जास्त तापला की स्वतःला बंद करून घेतो. तेव्हा महिन्यातून एकदा साफसफाई हवीच.

कुणी म्हणेल, ईसीसीला पैसे जास्त पडतात. पडतात. पण सगळ्यात वेगवान घेण्याचा हट्ट सोडला की त्यातले बरेच सुटतात. आणि एका रात्रीच्या रांगेत किती सभासदांचं किती वजन वाळलं, याचा हिशेब कोण मांडतो?

म्हणून संचालक मंडळाला माझी विनंती आहे. प्रोसेसर मध्यम वेगाचा, कमी वॅटचा, ईसीसीचा घ्यावा. कोटेशनमध्ये वॉरंटी किती वर्षांची ते लिहून घ्यावं. तसंच दुसरं मशीन तयार ठेवावं, कारण पॉवर सप्लाय आणि डिस्कही दगा देतातच. आणि नवं मशीन बॉयलर पेटण्याच्या आधी महिनाभर रात्रंदिवस चालवून बघावं. बैल बाजारातून आणला की आपण आधी जुंपून बघतो, मगच पैसे मोजतो. इथेही तेच करू या.

आपला,
एक ऊस उत्पादक सभासद