खापरांचे फॉरवर्ड येत नाहीत

आमच्या फॅमिली ग्रुपवर दर आठवड्याला एक फॉरवर्ड ठरलेला असतो: ‘आपला खरा इतिहास आपल्यापासून लपवला गेला.’ सोबत एखादा एडिट केलेला फोटो. मी आधी गप्प बसायचो. हल्ली विचारतो, ‘जो लपवलेला नाही, तो वाचलाय का?’ ग्रुपवर शांतता पसरते. मग आईचा फोन येतो, मामांना असं बोलू नये म्हणून.

पण वाचला मीही नव्हता. आम्ही भोसरीचे. ऑफिसची बस रोज विश्रांतवाडीवरून, येरवड्याच्या डेक्कन कॉलेजजवळून जाते. हे कॉलेज डेक्कनला का नाही, एवढाच प्रश्न मला चार वर्षं पडत होता. तिथे हसमुख धीरजलाल सांकळिया नावाच्या माणसाने १९३९पासून महाराष्ट्राची जमीन थर थर वाचली, हे फार उशिरा कळलं. आल्या आल्या पुण्याच्या आसपास फिरताना त्यांनी भोसरीजवळची महापाषाणयुगीन स्मारकं नोंदवली. माझ्या गावाची ही ओळख मला शाळेत कोणी सांगितली नाही. एमआयडीसी कधी आली ते मात्र पाठ आहे.

सांकळिया १९०८ साली मुंबईत जन्मलेले गुजराती. लंडनला पीएचडी केली, तिथेच मॉर्टिमर व्हीलरच्या मेडन कॅसलच्या उत्खननात काम शिकले. शिस्त तिकडची आणली, पण प्रश्न इथले विचारले. मौर्य-सातवाहनांच्या आधी या दख्खनच्या पठारावर कोण राहत होतं? काय खात होतं? उत्तर नाशिक, संगमनेरजवळचं जोर्वे, नेवासे इथल्या खापरांत होतं. नेवासे म्हटलं की आपल्याला ज्ञानेश्वरी आठवते, आणि ते योग्यच आहे. पण त्याच गावात, त्याहून दोन हजारांहून जास्त वर्षं आधीच्या एका लहान मुलाच्या दफनात तांब्याच्या मण्यांची माळ मिळाली. तिच्या धाग्यात रेशीम होतं. त्या आईबापांचं नाव नाही, म्हणून फॉरवर्डही नाही.

आमच्याकडे प्रॉडक्शनमध्ये काही फुटलं की आम्ही लॉग वाचतो. लॉगमध्ये ‘आपण महान होतो’ असं लिहिलेलं नसतं. कशानंतर काय झालं, एवढंच असतं. उत्खननही तसंच, फक्त जास्त भीतिदायक, कारण इथे लॉग वाचता वाचता पुसला जातो. एकदा खणलेला थर परत खणता येत नाही. म्हणून प्रत्येक खापर कुठल्या थरातलं, याची नोंद ठेवायची. मूर्ती मिळाली की बाकी सगळं बाजूला फेकणारा माणूस, माझ्या मते, लॉग डिलीट करणारा माणूस.

शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. १९६८पासून सांकळिया, म. के. ढवळीकर आणि झैनुद्दीन अन्सारी यांच्या चमूने तिथे बारा हंगाम काम केलं. इ.स.पू. १६०० ते ७०० या काळातलं शेतकऱ्यांचं अख्खं गाव उलगडलं. बार्ली पिकवणारं, पाण्यासाठी पाट खोदणारं. मेलेली तान्ही मुलं दोन रांजणांत, तोंडाला तोंड लावून, घराच्या जमिनीखाली पुरलेली. मोठ्या माणसांचे पाय घोट्याखाली तोडलेले; मेलेल्याने उठून चालत जाऊ नये म्हणून असावं, असा तर्क आहे. शेवटच्या काळात चौकोनी घरं जाऊन गोल झोपड्या आल्या. पाऊस कमी होत गेला आणि लोक गरीब होत गेले, असा उत्खनन करणाऱ्यांचा निष्कर्ष. शिरूरच्या माणसाला हे समजावून सांगावं लागणार नाही.

यातलं काय लपवलंय? इनामगावचा अहवाल १९८८ साली छापला गेला. इंग्रजी आहे, जाडजूड आहे, ही तक्रार मला मान्य. पण सांकळियांनी म. श्री. माटे यांच्यासह ‘महाराष्ट्रातील पुरातत्त्व’ हे पुस्तक मराठीत लिहिलं, त्याचं आपण काय केलं? आपल्याला इतिहास नको असतो, आपल्याला पूर्वज सेलिब्रिटी हवे असतात.

आणि वादाला ते घाबरणारे नव्हते. रावणाची लंका म्हणजे श्रीलंका नव्हे, ती मध्य भारतात असावी, असं त्यांनी १९७३ साली पुस्तक लिहून मांडलं. मला ते पूर्ण पटलेलं नाही. पण पटत नाही म्हणायला मला त्यांचे पुरावे तपासावे लागतात. फॉरवर्डमध्ये तपासायला काय असतं?

परवा ग्रुपवर पुन्हा तेच आलं. मी उत्तरादाखल इनामगावच्या त्या मातीच्या चार पायांच्या रांजणाचा फोटो टाकला. त्यात एक माणूस बसवून पुरलेला होता, पाय न तोडता, म्हणजे गावात कोणीतरी मानाचा असणार.

मामांनी लगेच विचारलं, ‘कुठला राजा?’

‘नाव माहीत नाही,’ मी लिहिलं. ‘शिरूर तालुक्यातला आहे.’