गाडी सर्वांची, सही कोणाची?

आम्हा शनिवार पेठेतल्या मंडळींना कोणी विचारो न विचारो, सल्ला देण्याची सवय आहे. थट्टा बाजूला ठेवली, तरी मोटारीच्या बाबतीत आम्हाला खरोखरच काही सांगायचे असते. ओंकारेश्वराजवळच्या बोळांतून सहज वळणारी, गुडघे धरलेल्या आजींना फार न वाकता बसता येईल अशी गाडी का निघत नाही? कारखान्याने आराखडा करण्याआधीच आम्हाला विचारले तर?

असे प्रयोग जगात झाले आहेत. अमेरिकेत २००७ साली निघालेल्या 'लोकल मोटर्स'ने इंटरनेटवरून हौशी व व्यावसायिक आराखडेकारांना आवाहन केले. सांग्हो किम या तरुणाचे चित्र सभासदांच्या मतांनी निवडले गेले, इतरांनी त्यात भर घातली आणि 'रॅली फायटर' रस्त्यावर आली. ब्राझीलमध्ये 'फियाट'ने २००९ मध्ये 'मिओ'साठी लोकांकडे कल्पना मागितल्या, तेव्हा दहा हजारांहून अधिक आल्या. २०१० च्या साव पावलो प्रदर्शनात ती गाडी मांडली गेली, पण विक्रीला कधीच आली नाही.

कल्पनांना तोटा नव्हता. माझ्या मते घोडे अडते ते जबाबदारीपाशी. 'रॅली फायटर'च्या ग्राहकाने स्वतः येऊन गाडीच्या जोडणीला हात लावायचा, अशी व्यवस्था होती. त्यामुळे ती मालकाने जोडलेली गाडी ठरे आणि मोठ्या कंपन्यांना लागणारे बरेच नियम टळत. जानेवारी २०२२ मध्ये ही कंपनी बंद पडली.

योगायोग असा, की त्याच महिन्यात सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे येथील दत्तात्रय लोहार यांचा सत्कार होत होता. भंगारातील सुट्या भागांतून त्यांनी किक मारून सुरू होणारी चारचाकी बनवली होती. आनंद महिंद्रा यांनी ती घेऊन त्यांना नवी बोलेरो दिली. ती गाडी नियमांत बसत नसल्याने आज ना उद्या अडवली जाईल, हेही महिंद्रांनी म्हटले होते. त्याच्या कितीतरी आधी, १९४९ मध्ये, इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णी यांनी 'मीरा' या छोट्या मोटारीचा पहिला नमुना तयार केला आणि पुढे अनेक वर्षे तो सुधारत नेला. तिचाही कारखाना उभा राहिला नाही.

मग नियमच जाचक म्हणायचे का? मला तसे वाटत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार नव्या गाडीचा नमुना मान्य संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो. पुण्यात वेताळ टेकडीवरची 'एआरएआय' ही अशीच एक संस्था. आराखड्याला हजारो लोक मत देतील, पण ब्रेक लागला नाही तर ज्याच्या अंगावर गाडी येईल, त्या बोळात खेळणाऱ्या मुलाने मत दिलेले नसते. त्याच्या वतीने कोणीतरी गाडी तपासली पाहिजे आणि कोणाची तरी सही त्याखाली हवी.

मात्र त्या तपासणीचे दार लोहारांसारख्यांनाही परवडायला हवे. पुण्यातील अभियांत्रिकी महाविद्यालयांचे विद्यार्थी स्पर्धांसाठी गाड्या बनवतात. त्यांच्या कार्यशाळा गावोगावच्या कारागिरांना खुल्या कराव्यात, छोट्या नमुन्यांना चाचणी शुल्कात सवलत द्यावी आणि आराखडा अनेकांचा असला तरी उत्तरदायी संस्था एकच ठरवावी. एवढे झाले, तर आमच्या पेठेतल्या सूचनाही कोणाच्या तरी उपयोगी पडतील.