कंट्रोल-एस दाबल्यावर पडदा का गोठतो? वेगवान टर्मिनलांच्या निवडीचा विसरलेला वाद

१/१४
लिनक्सच्या टर्मिनलमध्ये चुकून कंट्रोल-एस दाबले की पडदा एकाएकी गोठतो. मग कितीही कळा दाबा, काहीच उमटत नाही. नवखा माणूस संगणक अडकला असे समजून खिडकीच बंद करतो. जाणकार कंट्रोल-क्यू दाबतो आणि काम पुढे सुरू होते. या दोन कळांमागे अर्ध्या शतकापूर्वीचा एक वाद दडलेला आहे. यंत्राला वेगाने बोलायला शिकवणे तुलनेने सोपे होते. त्याला ‘जरा थांब’ कसे सांगायचे, हे कठीण ठरले.

२/१४
आरंभ टेलिटाइप मॉडेल ३३ पासून, म्हणजे १९६३ पासून. हे यंत्र कागदावर सेकंदाला १० अक्षरे छापी. प्रत्येक अक्षरामागे ११ बिट जात, म्हणून वेग ११० बॉड. त्याला जोडलेला कागदी फितीचा वाचक दुरून चालू-बंद करण्यासाठी आस्की संकेतांतील दोन क्रमांक वापरले जात: १७ म्हणजे चालू, १९ म्हणजे बंद. इंग्रजी वर्णमालेत क्यू सतरावे अक्षर आहे आणि एस एकोणिसावे. कळांचे कोडे इथेच सुटते.

३/१४
पुढच्या दशकात कागदाची जागा काचेच्या पडद्याने घेतली. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनचे, म्हणजे डेकचे, व्हीटी-०५ हे टर्मिनल १९७० मध्ये आले आणि व्हीटी-५२ हे १९७५ मध्ये. लिअर सिग्लरचे स्वस्त एडीएम-३ए १९७६ मध्ये आले, तर पुढे मानदंड ठरलेले व्हीटी-१०० हे १९७८ मध्ये. शेवटची दोन्ही यंत्रे १९,२०० बॉडपर्यंत चालत. माहितीपत्रकातला सर्वांत मोहक आकडा हाच होता.

४/१४
मोह समजण्यासारखा आहे. ८० स्तंभ आणि २४ ओळी म्हणजे १,९२० अक्षरे. एवढा पडदा भरायला लागणारा वेळ पाहा:
११० बॉड: १९२ सेकंद
३०० बॉड: ६४ सेकंद
१,२०० बॉड: १६ सेकंद
९,६०० बॉड: २ सेकंद
१९,२०० बॉड: १ सेकंद
तीन मिनिटांहून अधिक काळाची वाट एका सेकंदावर आली. संगणकाशी माणसाचे नातेच त्यामुळे बदलले: ओळीगणिक चालणारे संपादन मागे पडून पूर्ण पडद्यावरचे संपादन व्यवहार्य झाले.

५/१४
परंतु तो आकडा तारेचा होता, टर्मिनलचा नव्हे. हा भेद विसरणे ही त्या काळातील निवडीतली मूळ चूक. पडदा पुसणे, मधे ओळ घालणे, मजकूर वर सरकवणे या प्रत्येक कामाला टर्मिनलला वेळ लागे. ९,६०० बॉडवर मात्र दर मिलिसेकंदाला जवळपास एक नवे अक्षर दारात उभे राही. आत जागा नसेल तर ते अक्षर हरवे, आणि हरवल्याची वर्दीही कुणाला मिळत नसे.

६/१४
पहिला उपाय होता भरताड. अवघड आज्ञेनंतर मुख्य संगणकाने निरर्थक शून्य-संकेत पाठवत राहायचे आणि टर्मिनलला उसंत द्यायची. ९,६०० बॉडवर ५० मिलिसेकंदांची उसंत म्हणजे ४८ अक्षरांचा वेळ वाया. बिल जॉय यांनी १९७८ च्या सुमारास बर्कलीच्या युनिक्ससाठी टर्मकॅप रचले, त्यात अशा विलंबांचीही नोंद आहे. इतिहासाचे साधन म्हणून ते बोलके आहे: कोणते यंत्र कुठे अडखळते याची ती वहीच. हेझलटाइन १५०० हे टर्मिनल ‘~’ या चिन्हालाच आज्ञेची सुरुवात समजे, म्हणून ते चिन्ह पडद्यावर उमटवणेच अडचणीचे. त्याचीही खूण तिथे आहे.

७/१४
दुसरा उपाय व्हीटी-१०० ने प्रतिष्ठित केला. त्याच्यात ६४ अक्षरांचा बफर होता. ३२ अक्षरे साचली की टर्मिनल स्वतःहून ‘थांब’ हा १९ क्रमांकाचा संकेत पाठवी; साठा उतरला की १७ क्रमांकाचा ‘चल’. टेलिटाइपच्या फितीची जुनी खूण नव्या कामाला लागली. युक्ती स्वस्त होती: जाणारी, येणारी आणि जमिनीची अशा तीनच तारांवर भागत असे. शेकडो फूट केबल टाकणाऱ्या संस्थेसाठी ही बचत लहान नव्हती.

८/१४
मात्र तिच्यात दोन खोट होत्या. पहिली वेळेची. उरलेली ३२ अक्षरे १९,२०० बॉडवर सुमारे १७ मिलिसेकंदांत भरतात. तेवढ्यात मुख्य संगणकाने ‘थांब’ ऐकून खरोखर थांबले पाहिजे. अनेकांची कामे एकाच वेळी वाहणाऱ्या यंत्राकडून ही तत्परता नेहमीच मिळेल, असे गृहीत धरता येत नाही. दुसरी खोट अधिक खोल: नियंत्रणाची खूण मजकुराच्याच प्रवाहात मिसळली गेली.

९/१४
त्याचा फटका ईमॅक्सला बसला. एमआयटीत १९७६ पासून वाढलेल्या या संपादकात कंट्रोल-एस म्हणजे शोध आणि कंट्रोल-क्यू म्हणजे पुढचे चिन्ह जसेच्या तसे घालणे. टर्मिनलने दमून पाठवलेला ‘थांब’ संपादकापर्यंत पोहोचला तर तो शोध सुरू करी. मधल्या प्रणालीने तो गिळला तर वापरणाऱ्याचा खरा शोधही गिळला जाई. एका पक्षाचे म्हणणे होते, कळफलकावरचे प्रत्येक चिन्ह वापरणाऱ्याचे आहे. दुसऱ्याचे म्हणणे, दोन संकेत राखून ठेवल्याने काय बिघडते?

१०/१४
या वादात तत्त्वतः ईमॅक्सची बाजू रास्त होती. तरी सारा दोष व्हीटी-१०० वर लोटणे अन्यायाचे ठरेल. मुळात जोडणीच्या मानकातच उणीव होती. आरएस-२३२ हे मानक १९६० मधले, त्याची ‘सी’ आवृत्ती १९६९ ची. ते टर्मिनल आणि मोडेम यांच्यासाठी घडले. २५ पिनांच्या त्या जोडणीत ‘पाठवू का?’ आणि ‘पाठव’ यांसाठी तारा होत्या, पण त्यांचा रोख मोडेमकडे. ‘माझा पडदा मागे पडला आहे’ हे सांगणारी सर्वमान्य तारच नव्हती. म्हणून ज्याने त्याने आपापली वाट काढली.

११/१४
वेगाची किंमत दुसऱ्या टोकालाही मोजावी लागे. डेकच्या डीझेड-११ या जोडपट्टीवर ८ टर्मिनले बसत आणि बाहेर जाणाऱ्या प्रत्येक अक्षरासाठी ती प्रोसेसरला हाक मारी. आठही टर्मिनले ९,६०० बॉडवर वाहू लागली तर सेकंदाला ७,६८० हाका. १६ टर्मिनलांची डीएच-११ अक्षरे थेट स्मृतीतून उचले, म्हणून हा भार पुष्कळ कमी. सामायिक यंत्रावर एकाचा झरझर सरकणारा पडदा इतरांच्या वाट्याच्या वेळातूनच येई. जोडपट्टी न पाहता टर्मिनल निवडणे म्हणजे विहीर न पाहता मोट घेणे.

१२/१४
दुरुस्तीचे शास्त्रही हेच शिकवते: लक्षण पडद्यावर दिसते, कारण दुसरीकडे असते.
• सगळाच कचरा उमटतो: दोन्ही टोकांचा वेग वेगळा.
• काहीच अक्षरे चुकतात: पॅरिटीचा किंवा बिटसंख्येचा घोळ.
• प्रत्येक अक्षर दोनदा: टर्मिनल आणि संगणक दोघेही प्रतिध्वनी देत आहेत.
• ओळी जिन्यासारख्या उतरतात: ओळ बदलते, कर्सर डावीकडे परतत नाही.
• मजकूर वेगाने सरकतानाच अक्षरे गळतात: ‘थांब’ कुणी ऐकत नाही.
• अगदी निःशब्द: पिन २ आणि ३ तपासाव्यात. स्वस्थ पडलेली पाठवणारी तार जमिनीच्या पिन ७ च्या तुलनेत ऋण दाब दाखवते. दोन्ही यंत्रे २ वरूनच पाठवत असतील, तर उलटसुलट केबल हवी.

१३/१४
संथ तारेने दिलेले देणेही विसरू नये. बिल जॉय यांनी व्हीआय संपादक ३०० बॉडच्या मोडेमवरून वापरता यावा असा घडवला. एकाक्षरी आज्ञांची काटकसर तिथूनच आली. कर्सरसाठी एच, जे, के, एल या कळा आल्या त्या एडीएम-३ए च्या कळफलकावर त्यांवरच बाण छापलेले होते म्हणून. केन अर्नोल्ड यांचे कर्सेस हे साधन पडद्याचा फक्त बदललेला भाग कमीत कमी अक्षरांत रंगवते. दारिद्र्याने शिकवलेला हा विवेक १९,२०० च्या ऐश्वर्यात घडला असता का, ही शंका रास्तच आहे.

१४/१४
मूळ प्रश्नाचे अधिक नेटके उत्तर जाळ्यांच्या जगाने दिले. १९८१ च्या टीसीपी मानकात घेणारा प्रत्येक पाकिटाच्या शीर्षकातच सांगतो की आपल्याकडे किती जागा उरली आहे. मजकुराला त्याचा स्पर्शही होत नाही. टर्मिनलच्या खिडकीत मात्र जुना करार अजून जिवंत आहे. ‘stty’ला शोभेल अशी एक आज्ञा देऊन तो मोडता येतो, पण मोडण्यापूर्वी तो समजून घ्यावा. संगणकाचा इतिहास प्रोसेसरच्या वेगाने मोजण्याची सवय आहे. तो दोन यंत्रांनी एकमेकांना थांबवण्याचे शिष्टाचार कसे शिकले, यानेही मोजला पाहिजे. वेग विकत घेता आला. थांबण्याबद्दलचे एकमत मात्र घडवावे लागले.