डीनला कोणी विचारलं?

'सुपरनॅचरल' ही अमेरिकन मालिका मी पहिल्यांदा पाहिली ती एम.ए.ला असताना, होस्टेलमध्ये, एका सीनियरच्या पेन ड्राइव्हवरून. सबटायटल नसती तर निम्मे संवाद कळले नसते. भुताखेतांत मला तेव्हाही फारसा रस नव्हता. मी अडकलो ते पहिल्याच भागातल्या भांडणात. धाकटा सॅम स्कॉलरशिपवर स्टॅनफर्डला शिकतोय, सोमवारी त्याची लॉ स्कूलसाठी मुलाखत आहे. घर सोडताना बाप त्याला म्हणाला होता, गेलास तर परत येऊ नकोस. थोरला डीन बापापाशी राहून बापाचंच काम करतोय, भुतं मारण्याचं. भाऊ जवळपास दोन वर्षं एकमेकांशी बोललेले नाहीत.

मालिका २००५ ते २०२० चालली. १५ सीझन, ३२७ भाग. त्यात सॅम मरतो, नरकात जातो, परत येतो. वकील मात्र होत नाही. पहिल्या भागाच्या शेवटी त्याची मैत्रीण जळून मरते आणि तो डीनच्या गाडीत बसतो. घरचा धंदा हा त्या मालिकेत अभिमानाने उच्चारायचा शब्द आहे.

मला तो शब्द ऐकला की आमच्या घरातली एक फाइल आठवते. वडील नगरपालिकेत सफाई कामगार. इतर राज्यांतल्या वाचकांसाठी सांगतो : महाराष्ट्रात लाड-पागे समितीच्या शिफारशींनुसार सफाई कामगार निवृत्त झाला किंवा वारला की त्याच्या जागी वारसाला नोकरी मिळते. आमच्याकडे नाव एकाचंच द्यायचं होतं. दादा नुकताच बारावी झालेला, मी दहावीत. दादाचं नाव गेलं. घरात चर्चा अशी झालीच नाही.

ही तरतूद नको, असं मी म्हणणार नाही. सगळीकडे ठेकेदारी बोकाळलेली असताना कायम नोकरी कोण सोडेल? तिच्याच पगारातून माझी मेस चालली. पण माणसाचं काम त्याच्या कुवतीवरून नव्हे, तर आईबापाच्या सामाजिक दर्जावरून ठरतं, हा बाबासाहेबांनी १९३६ साली जातिव्यवस्थेवर घेतलेला आक्षेप आमच्या फाइलीत सही-शिक्क्यासह आहे. जॉन विंचेस्टर आधी गॅरेजमध्ये मेकॅनिक होता. बायको गेल्यावर त्याने शिकार हाती घेतली. म्हणजे निदान बापाने तरी स्वतः ठरवलं. माझ्या वडिलांनी काय ठरवलं होतं?

मालिकेच्या चाहत्यांत सॅमवाले आणि डीनवाले असे तट आहेत. आपण पहिल्या पिढीचे पदवीधर न सांगता सॅमवाले असतो. चौथ्या सीझनमध्ये एक शिक्षक शाळकरी सॅमला विचारतो, तुला घरचाच धंदा करायचाय का? हे त्याला आजवर कोणी विचारलेलंच नसतं. आपल्यापैकी बऱ्याच जणांना असा एखादा शिक्षक भेटलाय, म्हणून तर आपण इथे आहोत. मलाही भेटला. त्या शाळेत डीनही शिकत असतो. त्याला कोणी विचारत नाही.

पाचव्या सीझनमध्ये दोघं मरून स्वर्गात पोचतात. स्वर्ग म्हणजे आपापल्या सुखाच्या आठवणी. डीनच्या आठवणीत लहानगा सॅम आहे, दोघं रात्री माळावर फटाके उडवताहेत. सॅमच्या आठवणी निघतात त्या परक्यांच्या घरी जेवल्याच्या, घरातून पळून गेल्याच्या आणि स्टॅनफर्डला निघाल्या रात्रीच्या. ती रात्र डीनच्या आयुष्यातल्या सगळ्यात वाईट रात्रींपैकी एक होती, आणि भावाने ती स्वर्गात ठेवलीये. हा प्रसंग मी दोनदाच पाहिलाय. माझी अशी रात्र म्हणजे पीएच.डी.ला निघालो ती. स्टेशनवर सोडायला दादा ड्यूटीच्या कपड्यांतच आला होता. तो कपडे बदलून का आला नाही, याची मला तेव्हा लाज वाटली होती. गाडी सुटल्यावर जे मोकळं वाटलं, त्यात ती लाज सुटल्याचंही मोकळेपण होतं.

सॅमवाल्यांनी दुसऱ्या सीझनमधला जिनचा भाग जरूर पाहावा. जिन माणसाला त्याच्या मनातलं आयुष्य स्वप्नात दाखवतो. डीनच्या मनात काय निघतं? आई जिवंत आहे. तो स्वतः गॅरेजमध्ये काम करतो आणि आईच्या अंगणातलं गवत कापताना खूश असतो. आणि सॅम कायद्याचं शिक्षण घेतोय. तोंडाने सॅमला घरातून पळालेला म्हणून टोमणे मारणाऱ्या डीनच्या स्वप्नात सॅमचं शिक्षण पूर्ण होत असतं. फक्त त्या स्वप्नात भावाभावांचं पटत नाही. शिक्षण द्यायचं तर भाऊ जाणार, एवढा हिशेब डीनने स्वप्नातही मांडलेला आहे.

माझ्या थीसिसचा विषय सफाई कामगारांच्या मुलांचं शिक्षण. चाळीसेक मुलाखती झाल्या. यादी परवा पुन्हा पाहिली तेव्हा लक्षात आलं, बहुतेक सगळे शिकलेले. नोकरी वारशाने घेतलेला भाऊ त्यांच्या बोलण्यात येतो, पण त्याच्याशी मी बोललेलो नाही. गाइड म्हणाले, सॅम्पल बदलायचं तर आत्ताच बदल.

पहिला फोन दादालाच केला. तुला काय व्हायचं होतं रे, असं थेट विचारायचा धीर होईना, म्हणून आधी मालिकेची गोष्ट सांगितली. त्याने सगळी ऐकली आणि विचारलं, "मग तो धाकटा वकील होतो का?"

"नाही."

"पंधरा वर्षांत नाही?"

"नाही."

"मग त्या मोठ्याने उगाच केलं की रे सगळं," दादा म्हणाला. पहाटे साडेपाचची हजेरी होती, फोन ठेवला. मूळ प्रश्न विचारायचा राहिलाय.