नोंदीबाहेरची जखम

आज, ११ नोव्हेंबरला, आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय दफनभूमीत अज्ञात सैनिकाच्या समाधीवर पुष्पचक्र वाहिले जाईल. १९१८ साली पहिल्या महायुद्धाच्या तोफा याच तारखेला थंडावल्या आणि १९५४ पासून अमेरिका हा दिवस सर्व माजी सैनिकांच्या सन्मानाचा म्हणून पाळते. गावोगावी संचलने निघतील, उपाहारगृहे माजी सैनिकांना फुकट जेवू घालतील. त्यामागची भावना खरी आहे. त्या भावनेची कसोटी मात्र माजी सैनिक व्यवहार खात्याच्या टेबलावर लागते. तिथला सर्वांत अवघड दावा असतो तो आपल्याच तळावर, आपल्याच गणवेशातल्या माणसाने केलेल्या लैंगिक अत्याचारातून जडलेल्या मानसिक आजाराचा.

या खात्याची आरोग्यसेवा घेणाऱ्यांना सेवाकाळातील अत्याचाराविषयी विचारले जाते. दर तीन महिलांमागे एक आणि दर पन्नास पुरुषांमागे एक जण ‘हो’ म्हणतो. सैन्यात पुरुषांची संख्या कितीतरी अधिक असल्याने हा केवळ महिलांचा प्रश्न उरत नाही. या आघातावरचे उपचार मोफत मिळतात. त्यासाठी तेव्हा तक्रार केली होती का, हेही पाहिले जात नाही. अपंगत्व भत्त्याची वाट मात्र वेगळी आहे. आजाराचे निदान हवे, सेवेत घटना घडल्याचे दिसायला हवे आणि दोहोंचा संबंध डॉक्टरने जोडून द्यायला हवा. घोडे अडते ते मधल्या अटीवर.

त्या घटनेचा कागद असणार तरी कुठून? २०२३ मध्ये सुमारे २९ हजार सैनिकांना नको असलेला लैंगिक स्पर्श वा अत्याचार सोसावा लागला, असा संरक्षण खात्याचाच अंदाज आहे. त्यांतल्या साधारण चौघांपैकी एकानेच तक्रार नोंदवली. ज्याच्या हुकमावर उठायचे-बसायचे तोच अत्याचारी किंवा त्याचा मित्र असेल, तर दाद कोणाकडे मागणार? खटला चालवायचा की नाही, हे आरोपीच्या वरिष्ठ साखळीतला अधिकारीच ठरवत असे. २०२० मध्ये फोर्ट हूडवरील सैनिक व्हेनेसा गियेन हिच्या हत्येनंतर देश खवळला, तेव्हा कुठे कायदा बदलला आणि डिसेंबर २०२३ पासून हे अधिकार स्वतंत्र लष्करी वकिलांकडे गेले. तोवरच्या पिढ्यांनी तोंड दाबून बुक्क्यांचा मार सोसला.

नौदलातल्या रूथ मूर यांची कहाणी अमेरिकी संसदेच्या दप्तरी आहे. १९८७ मध्ये अझोर्स बेटांवरच्या पहिल्याच नेमणुकीत वरिष्ठाने त्यांच्यावर बलात्कार केला. त्यांनी धर्मोपदेशकाला सांगितले, तर पुन्हा तेच घडले. पुढे त्यांच्यावर व्यक्तिमत्त्व-विकाराचा शिक्का मारून त्यांना घरी पाठवण्यात आले. भत्त्यासाठी त्या तेवीस वर्षे भांडल्या. गुन्हा दुसऱ्याचा आणि दोष त्यांच्या स्वभावाचा, असा तो सरकारी न्याय होता.

कायदा अगदीच आंधळा आहे, असे नाही. २००२ पासूनचा नियम सांगतो, की थेट नोंद नसली तरी खुणा शोधा. त्या असतात कशा? वर्षानुवर्षे उत्तम शेरे मिळवणाऱ्या सैनिकाच्या मूल्यमापनात एका तिमाहीपासून अचानक ‘असमाधानकारक’ येऊ लागते. त्याच सुमारास बदलीचा अर्ज दिसतो, कारणाच्या रकान्यात ‘वैयक्तिक’ एवढेच. गर्भधारणेची वा गुप्तरोगाची एखादी चाचणी, वाढलेले पिणे, बहिणीला लिहिलेले पत्र. यांतला एकेक कागद काहीच सिद्ध करत नाही. तारखा लावून शेजारी शेजारी ठेवले की ते बोलू लागतात. २०१३ मध्ये संघीय अपील न्यायालयाने आणखी पुढे जाऊन बजावले, की न केलेल्या तक्रारीची नोंद सेवापुस्तकात नाही, हा घटना घडलीच नसल्याचा पुरावा मानता येणार नाही.

नियम चांगला आहे, पण फाइल वाचणारा तो पाळतो का? खात्याच्याच महानिरीक्षकांनी २०१८ मध्ये दिलेले उत्तर लाजिरवाणे आहे. सहा महिन्यांत फेटाळलेल्या सुमारे २,७०० दाव्यांपैकी जवळपास १,३०० दावे चुकीच्या रीतीने हाताळले गेले होते. पुरेशा खुणा असूनही कित्येकांना वैद्यकीय तपासणीला बोलावलेच नव्हते. विशेष पथके मोडीत काढलेली, प्रशिक्षण तोकडे. २०२१ च्या फेरतपासणीत चुकीच्या हाताळणीचे प्रमाण घटण्याऐवजी ५७ टक्के निघाले. प्रशिक्षित स्वतंत्र पथके त्याच वर्षी सही झालेल्या कायद्याने सक्तीची केली. ती आधीच टिकवली असती तर हजारो माणसांना आपली सर्वांत वाईट रात्र पुन्हा लिहून काढावी लागली नसती.

दुजाभाव तर याहून ठळक आहे. शत्रूच्या भीतीतून आजार जडला असेल, तर खात्याच्या मानसतज्ज्ञाचा दुजोरा आणि नेमणुकीच्या परिस्थितीशी जुळणारे सैनिकाचे स्वतःचे कथन २०१० पासून पुरेसे मानले जाते. अत्याचारपीडितांना तीच सवलत देऊ पाहणारे, मूर यांच्याच नावाचे विधेयक २०१५ मध्ये प्रतिनिधीगृहात मंजूर झाले, पण कायदा होऊ शकले नाही. खोटे दावे येतील, हा आक्षेप ठरलेला. ते शत्रूच्या बाबतीतही येऊ शकतात. तिथे डॉक्टरवर विश्वास ठेवता येतो, तर इथे का नाही? शिवाय हा फौजदारी खटला नव्हे. इथे कोणाला तुरुंगात धाडायचे नाही आणि पुरावा दोन्ही बाजूंनी सारखा असेल तर कौल माजी सैनिकाला द्यावा, हे या व्यवस्थेचे मूळ तत्त्वच आहे.

तेव्हा आजच्या दिवशी मागणे मोठे नाही. जो निकष शत्रूच्या भीतीला, तोच आपल्या माणसाने केलेल्या घावाला लावावा आणि फेटाळलेला प्रत्येक दावा दुसऱ्या जाणत्या नजरेखालून जावा. सैनिकाला गप्प बसायला लावणारी व्यवस्था सरकारची होती. त्या गप्पपणाची किंमत सैनिकाने मोजायची, हा हिशेब चुकीचा आहे आणि तो दुरुस्त करणे सरकारवर बंधनकारक आहे.