रिपोर्ट ‘पॉझिटिव्ह’ म्हणून गोळ्या सोडल्या?

जिवतीहून एका भगिनीचे पत्र आले आहे. धाकट्या जावेच्या स्तनातली गाठ नागपूरला काढली. रिपोर्टात लिहिलेय, ‘ई.आर. पॉझिटिव्ह, पी.आर. पॉझिटिव्ह, हर-टू एक प्लस’. ‘पॉझिटिव्ह’ ऐकताच सासूबाईंनी डोळ्यांना पदर लावला आणि जावेने ‘आता काय उपयोग’ म्हणून गोळ्याच सोडल्या. दोन महिने झाले!

अहो ताई, इथे पॉझिटिव्ह म्हणजे वाईट बातमी नव्हे. ई.आर. आणि पी.आर. ही गाठीच्या पेशींतली प्रथिने. इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन ही बायकांची संप्रेरके ती धरून ठेवतात आणि त्यावर गाठ पोसते. म्हणजे तिची रसदच तोडता येते! टॅमॉक्सिफेनची गोळी इस्ट्रोजेनची जागा अडवून बसते. पाळी गेलेल्या बाईला बहुधा दुसऱ्या जातीची गोळी देतात. पण ही गोळी निदान ५ वर्षे, कधी १० वर्षेही घ्यायची असते. बरे वाटले म्हणून थांबवायची नाही. अंगातून वाफा येतात, घाम फुटतो, हे खरे. अंगावरून अवेळी जाऊ लागले किंवा पाय सुजून दुखू लागला, तर मात्र लगेच डॉक्टरांना दाखवावे.

हर-टू हे निराळे प्रथिन. शून्य किंवा एक प्लस म्हणजे सहसा निगेटिव्ह धरतात, तीन प्लस म्हणजे पॉझिटिव्ह. दोन प्लस आले तर आणखी एक तपासणी लागते. तीन प्लसची गाठ जोरात वाढणारी. पण तिच्यासाठी ट्रास्टुझुमॅब हे खास इंजेक्शन १९९८ पासून निघाले आहे. तिन्ही निगेटिव्ह असतील तर या गोळ्यांचा उपयोग नसतो, केमोथेरपीवर भर द्यावा लागतो.

आणखी एक. गाठ लहान गावात काढली, तर तुकडा तासाभरात फॉर्मालिनमध्ये पडला ना, हे विचारा. लोणच्याला मीठ उशिरा घातले तर फोडींचे काय होते, ठाऊक आहे ना? तसाच तुकडा बिघडतो आणि रिपोर्ट चुकतो. तुकड्याचा मेणातला ठोकळा जपून ठेवलेला असतो. दुसऱ्या इस्पितळात जाताना तो मागून घेता येतो.

आता जावेला घेऊन पहाड उतरा. नागपूरच्या डॉक्टरांना दोन महिन्यांचा खंड स्पष्ट सांगा, लपवू नका. रिपोर्टाची मूळ प्रत बरोबर न्या, आणि जमले तर सासूबाईंनाही न्या.